घरच्या फायलींसाठी क्लाउड की बाहेरची हार्ड डिस्क?

घरच्या संगणकावरचे फोटो, कागदपत्रे आणि हिशेब सांभाळायचे म्हटले की बहुतेकांपुढे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात: क्लाउडशी (इंटरनेटवरच्या साठवणीच्या जागेशी) आपोआप सिंक होणारा, म्हणजे जुळवून घेतला जाणारा फोल्डर, किंवा यूएसबीने जोडायची हार्ड डिस्क आणि तिच्यावर विंडोजची ‘फाइल हिस्ट्री’, म्हणजे बदललेल्या फायलींच्या प्रती तारखेनुसार काढून ठेवणारी सोय. मी दोन्ही काही वर्षे वापरले आहेत. डी ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवणे हा तिसरा मार्ग मी धरत नाही, कारण सी आणि डी हे अनेकदा एकाच डिस्कचे भाग असतात आणि डिस्क गेली की दोन्ही जातात.

क्लाउडची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. एकदा लॉग-इन केले की रोजची आठवण ठेवावी लागत नाही. घरात चोरी झाली किंवा पाणी शिरले तर संगणक आणि शेजारच्या कपाटातली डिस्क एकाच वेळी जातात, क्लाउडवरची प्रत मात्र राहते. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळूणमध्ये ज्यांनी पूर पाहिला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मोफत जागा थोडी असते (गुगलची १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसह, वनड्राइव्हची ५ जीबी), पण वर्गणी भरण्याची तयारी असेल तर ती अडचण राहत नाही.

मला अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. सिंकमध्ये इथे जे होते तेच तिथे होते. इथे पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते आणि इथे बिघडलेली फाइल बिघडलेल्या रूपातच वर चढते. त्यासाठी ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्यांची सोय असते, पण तिला मुदत असते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते आणि नंतर कायमची जाते. घरातल्या चुका मात्र महिन्याभरात लक्षात येतातच असे नाही.

आमच्या सोसायटीच्या देखभाल वर्गणीचा हिशेब माझ्याकडे एक्सेलच्या फाइलमध्ये होता. २०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या हातून त्यातला फक्त सदनिका क्रमांकाचा रकाना सॉर्ट झाला आणि शेजारचे रकाने होते तिथेच राहिले, त्यामुळे एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर गेली. एकूण बेरीज तीच राहिल्याने कोणालाच शंका आली नाही. हिशेब तपासणीसाठी मे महिन्यात पावत्या समोर ठेवल्या तेव्हा ताळमेळ बसेना. ज्या क्लाउड सेवेवर फाइल होती, तिथली सर्वांत जुनी आवृत्ती एप्रिलमधली होती, म्हणजे तीही चुकलेलीच.

त्याच फाइलच्या प्रती डिस्कवर होत्या, कारण दर रविवारी सकाळी मी डिस्क जोडत असे. फाइल हिस्ट्री प्रत्येक प्रतीच्या नावापुढे कंसात दिनांक आणि वेळ लिहिते. मला हवी ती प्रत ‘२०२३_०१_१५ ०५_१०_२२ यूटीसी’ अशी होती. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ही वेळ आपल्या घड्याळाची नसल्यामुळे तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ती उघडली, फेब्रुवारीनंतरच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या आणि एका संध्याकाळीत हिशेब जुळला. फाइल हिस्ट्रीत जुन्या आवृत्त्या ‘कायम’ ठेवण्याची निवड मुळातच केलेली असते, आणि माझ्या लेखी याच एका गोष्टीने निर्णय झाला.

डिस्कला जपावे मात्र लागते. चालू असताना ती टेबलावरून पडली तर बहुधा कामातून जाते. सतत जोडून ठेवली तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही सोडत नाही, म्हणून काम झाले की ‘सेफली रिमूव्ह’ करून ती काढून ठेवावी. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये तिची तब्येत पाहावी. तिथे पिवळ्या रंगात ‘कॉशन’ (सावधानतेचा इशारा) दिसले किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर लगेच ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क-तपासणी चालवण्याचा मोह आवरावा. त्या तपासणीचा ताण मरायला टेकलेल्या डिस्कला सोसेलच असे नाही. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. पुसलेल्या फायली परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरवरही फार भिस्त ठेवू नये, कारण एसएसडीवर (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा रिकामी करणारी सोय, चालू असल्यास फाइल पुसल्यानंतर परत मिळण्याची आशा फार थोडी असते.

ज्यांचे घर पूररेषेजवळ आहे, किंवा ज्यांच्याकडून आठवड्याला डिस्क जोडणे होणारच नाही, त्यांनी क्लाउड घ्यावे, असे मी मोकळेपणाने सांगेन. मीही आधार, पॅन आणि घराच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती क्लाउडवर ठेवतोच. पण एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील, तर मी आज पुन्हा डिस्कच घेईन.

घेतलीत तर एक काम पहिल्याच दिवशी करा. फाइल हिस्ट्री डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर तेवढेच पाहते आणि आपल्याकडे तर बऱ्याच घरांत सगळा ऐवज डी ड्राइव्हवर असतो. विंडोज ११ मध्ये तिथला फोल्डर थेट जोडता येत नाही. त्यावर राइट-क्लिक करून तो एखाद्या लायब्ररीत (वेगवेगळ्या ठिकाणचे फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या विंडोजच्या यादीत) समाविष्ट केला, की पुढच्या वेळेपासून त्याच्याही प्रती निघू लागतात.