कंपनीच्या मेलसाठी गूगल व्हॉल्ट: दीडेक वर्षाचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचा शीटमेटल पार्टचा कारखाना आहे. टॅलीपासून वकिलाच्या नोटिशीपर्यंत सगळा कागद माझ्या टेबलावरून जातो. मेल आधीपासून गूगल वर्कस्पेसवर होतेच. व्हॉल्ट म्हणजे कंपनीचे मेल ठरवलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवणारी आणि हवे तेव्हा शोधून देणारी गूगलची सोय. ते हवं म्हणून वर्कस्पेसचा बिझनेस प्लस प्लॅन घेतला, कारण स्टार्टर आणि स्टँडर्ड प्लॅनमध्ये ते मिळत नाही.

लावायला एक दुपार पुरली. कोणता मेल किती वर्षं ठेवायचा हे ठरवायला मात्र महिने गेले. कंपनी कायद्याचं कलम 128 म्हणतं, हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर 8 आर्थिक वर्षं ठेवा. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने. सीए म्हणाले, काहीच पुसू नका. मालक म्हणाले, जुनं कशाला सांभाळायचं? शेवटी अकाउंट्स, परचेस आणि डिस्पॅचला 9 वर्षं दिली, बाकीच्यांना 4 (करारावरच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षांची, वर एक हातचं). नोकरीच्या अर्जांना मुद्दाम एकच वर्ष. ज्यांना घेतलं नाही त्यांचे पॅन-आधार वर्षानुवर्षं बाळगण्यात आपल्याच डोक्याला ताप, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही काम संपलं की माहिती पुसा असाच आहे.

नियम सेव्ह करताना घाई नको. मुदत संपली की मेल जातो, कोणी विचारायला येत नाही. 'सगळे मेल' हा पर्याय निवडला, तर इनबॉक्समध्ये जपून ठेवलेलाही जातो. आधी एका छोट्या विभागावर लावून बघा.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते 'होल्ड'मुळे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल अडवलं. म्हणे माल रिजेक्ट होता आणि तसा मेल दहा दिवसांत पाठवला होता. आम्ही उद्यम नोंदणीवाले, म्हणजे सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून नोंदलेले. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात आणि पैशाची मुदत माल पोचल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणजे सगळा वाद तो मेल आला की नाही, एवढ्यावर. नोटीस हातात पडली त्याच दिवशी मी सहा मेलबॉक्सवर होल्ड टाकला. होल्ड असला की कोणी डिलीट करो, नियमाची मुदत संपो, मेल हलत नाही. मग त्या तारखांमधलं सगळं शोधलं, स्पॅम आणि ट्रॅशसकट. त्यांचा रिजेक्शनचा पहिला मेल निघाला तब्बल दोन महिन्यांनंतरचा, तोही आमच्या तिसऱ्या तगाद्याला उत्तर म्हणून! एखादा मेल आला होता हे कोणीही दाखवेल, प्रिंट काढली की झालं. आलाच नव्हता हे दाखवायला सगळ्यांचं सगळं जागेवर असावं लागतं.

शोधताना एक गंमत. आमचे लोक मराठी लिहितात रोमन लिपीत, आणि 'पाठवलंय' प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने. शब्दावर भरवसा ठेवू नका, पाठवणारा आणि तारीख यांवरून शोधा.

हे मेल पुरावा म्हणून द्यायचे, तर वकिलांनी त्यांच्या खरेपणाचं प्रमाणपत्र मागितलं. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं होतं की मूळ यंत्र हजर करता येत नसेल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 बचं प्रमाणपत्र लागतंच. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं. आता नमुन्याचे दोन भाग: पहिला आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) नोंदवायचा. व्हॉल्टच्या एक्स्पोर्टसोबत एमडी5 या प्रकारच्या हॅशची फाइल येते आणि नमुन्यात एमडी5 चा रकाना आहेच, त्यामुळे ते काम सुटलं. तज्ज्ञ शोधण्यात आणि त्याच्या फीवर घासाघीस करण्यात मात्र आठवडा गेला. एक्स्पोर्ट 15 दिवसच राहतो, लगेच उतरवून घ्या.

आता उणं. सोडून गेलेल्या माणसाचं खातं डिलीट केलं की त्याचे मेलही गेले, होल्ड असला तरी. 'आर्काइव्ह्ड यूजर'चं वेगळं लायसन्स घ्यावं लागतं, आणि हे एचआरच्या माणसाला आधी बजावून ठेवा. व्हॉल्ट म्हणजे बॅकअपही नव्हे, गूगल स्वतःच तसं सांगतं. हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम आहे, तो आम्ही टॅलीसाठी वेगळा केलाय.

सगळ्यात मोठं भोक व्हॉट्सअॅपचं. डिस्पॅचवाल्याच्या फोनवर 'ओके, माल मिळाला' येतं आणि तो फोन त्याचा स्वतःचा. त्यावर व्हॉल्टकडे काही इलाज नाही. आम्ही इतकंच केलं की असा होकार आला की त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला मेल टाकायचा: आज अमुक चलनाचा माल मिळाल्याचं आपण कळवलंत. डिस्पॅचवाले कुरकुरतात, पण टाकतात. प्लॅन पुढच्या वर्षीही चालू ठेवतोय. तुमच्याकडे उधारीवर माल जात नसेल, तर मात्र स्टँडर्डवरून उगाच वर जाऊ नका.