तळाचं इंजिनिअरिंग कॉलेज की शासकीय तंत्रनिकेतन?

बारावी झाली, सीईटीत पर्सेंटाइल घसरलं, भाचा अडकलाय. खर्च बघा: खासगी कॉलेजात बऱ्याचदा वर्षाला लाखाच्या आसपास, वर होस्टेल-मेस, तंत्रनिकेतनात, म्हणजे पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला, काही हजारांत भागतं.

वेळ? पदवी 4 वर्षं. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, मग पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला गेलं तर 5. पण पदवीच्या या थेट प्रवेशाला सीईटी नाही, डिप्लोमाचे टक्के बघतात. चांगलं कॉलेज गाठायची खरी संधी हीच.

'शंभर टक्के प्लेसमेंट'चे फ्लेक्स सोडा, वर्कशॉपमधल्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) धूळ आहे की ताजा कीस, ते बघून या.

राज्यसेवेला कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते, कॉलेजची रँक कुणी विचारत नाही. तेच ध्येय असेल तर घराजवळचं तळाचं कॉलेजही पुरे. कारखान्यात किंवा कनिष्ठ अभियंता भरतीत शिरायचं असेल, तर डिप्लोमा.