गच्चीवरून हायड्रोजन: ‘सॉबर्ड प्लस एच१’, आरटीएल डाँगल आणि जाळीची छत्री

१४२०.४ मेगाहर्ट्झ या एकाच आकड्यासाठी बनवलेली वस्तू दुकानात मिळते, हेच मुळात नवल. नूइलेक कंपनीचा ‘सॉबर्ड प्लस एच१’ हा तळहातावर मावणारा एलएनए, म्हणजे अँटेनातून आलेला अगदी क्षीण संदेश वाढवून पुढे देणारा प्रवर्धक, फक्त हायड्रोजनच्या रेषेसाठी, म्हणजे हायड्रोजनचे अणू सोडतात त्या या वारंवारितेच्या रेडिओलहरीसाठी आहे. एफएम, विमानं, हवामान उपग्रह यांपैकी कशालाच तो कामाचा नाही. त्याच्या जोडीला आरटीएल-एसडीआर ब्लॉगचं डाँगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबीत बसणारा छोटा रेडिओग्राहक (व्ही३ किंवा व्ही४), आणि २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची १०० बाय ६० सेंटिमीटरची जाळीची छत्री, असा हौशी मंडळींत रूढ झालेला संच इथे तपासला आहे. डाँगल आणि एलएनए मिळून साधारण शंभर डॉलरच्या आत येतात, वर टपालखर्च आणि कस्टम.

संच ऐकतो काय, ते आधी. हायड्रोजनचे प्रोटॉन विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांतले. इलेक्ट्रॉन त्यांना पहिल्यांदा चिकटले ते साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी. अशा तटस्थ अणूतल्या इलेक्ट्रॉनचं स्पिन उलटलं की २१.१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी १ कोटी १० लाख वर्षं थांबावं लागतं, पण आकाशगंगेत अणूच इतके आहेत की रेष कधी बंद पडत नाही. हेंड्रिक व्हान डे हुल्स्टने १९४४ मध्ये तिचं भाकीत केलं आणि २५ मार्च १९५१ ला हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली. त्यांचा अँटेना म्हणजे प्लायवूडचं नरसाळं, आतून तांब्याचा पत्रा, तोंड खिडकीबाहेर. पाऊस आला की पाणी थेट प्रयोगशाळेत.

जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटरच्या तीस छत्र्या उभारताना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यात हीच रेष होती, फक्त विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन कमी वारंवारितेवर उतरलेली. त्याच छत्र्यांच्या जीएमआरटी या दुर्बिणीवर २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या संस्थेच्या गटाने सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून त्यांच्यातला सरासरी हायड्रोजन मोजला. गच्चीवरचा संच तिथवर पोचत नाही. त्याला दिसतो तो आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन. ‘बिग बँग ऐकला’ म्हणून कुणी सांगत असेल, तर हसून सोडून द्यावं.

आता पेटीकडे. सॉबर्डमध्ये दोन प्रवर्धक आणि त्यांच्यामध्ये सॉ फिल्टर आहे. एकूण वाढ ४० डेसिबलच्या आसपास, आणि फिल्टर १४२० च्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ६५ मेगाहर्ट्झचा पट्टाच पुढे जाऊ देतो. पैसे वसूल होतात ते इथे. पण पेटी अँटेनाच्या अगदी तोंडाशी बसवली तरच. गच्चीवरून दहा मीटर आरजी-५८ केबल खाली खोलीत आणायची आणि एलएनए लॅपटॉपजवळ लावायचा, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एलएनएच्या आधी केबलमध्ये १ डेसिबल गेला, तर यंत्रणेच्या गोंगाटात (तो तापमानाच्या भाषेत मोजतात) सुमारे ७५ केल्विनची भर पडते. त्या केबलमध्ये या वारंवारितेला सात-आठ डेसिबल सहज जातात. मग उरतं ते केबलचं स्वतःचं तापमान. एलएनएच्या पुढे तीच केबल लावली तर फारसं बिघडत नाही, कारण तोवर संदेश दहा हजार पटींनी वाढलेला असतो. छत्रीला आधीच जोडलेली लांब शेपटी असेल तर तीसुद्धा कापून आखूड करावी आणि नवा कनेक्टर लावावा.

वीज केबलमधूनच जाते. डाँगलमधली बायस-टी, म्हणजे संदेशाच्याच केबलमधून वीज पाठवणारी सोय, सुमारे ४.५ व्होल्ट देते आणि सॉबर्ड साधारण १२० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे हिशेब जमतो. बायस-टी आपोआप चालू होत नाही, ती सॉफ्टवेअरमधून चालू करावी लागते. एसडीआर-शार्प या संगणकावरच्या रेडिओ सॉफ्टवेअरच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये तिचं बटण ‘ऑफसेट ट्यूनिंग’ या भलत्याच नावाखाली लपलेलं आहे. चालू केल्यावर गोंगाटाची पातळी ठळकपणे उडी मारते. उडी नसेल तर एलएनए उलटा लागला असावा किंवा मधल्या केबलमध्ये डीसी अडवणारा एखादा तुकडा आहे. सॉबर्डला यूएसबीनेही वीज देता येते, पण एका वेळी एकच मार्ग वापरावा. बिनपेटीचा स्वस्त नमुना घेतला तर त्याला पत्र्याची डबी करून द्यावी लागते. उघड्या सर्किटवर आजूबाजूचं सगळं काही येऊन बसतं.

एक मर्यादा मांडणीतच आहे. पहिला प्रवर्धक फिल्टरच्या आधी येतो. गोंगाट कमी ठेवायला ते बरोबर, पण शेजारच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर असेल तर त्याचा १८०० मेगाहर्ट्झचा मारा पहिल्या टप्प्यालाच गुदमरवतो आणि मग पुढचा फिल्टर काही करू शकत नाही. छत्री टॉवरकडे पाठ करून ठेवणं हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

डाँगलबद्दल थोडक्यात. ८ बिटांचं आहे, तरी या कामाला पुरतं. सेकंदाला २४ लाख नमुने घेतले की २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो, म्हणजे वेगाच्या भाषेत (वायू जवळ येतो की दूर जातो त्यावर वारंवारिता सरकते, तो डॉप्लर बदल) मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीचशे किलोमीटर प्रति सेकंद. आकाशगंगेचा हायड्रोजन त्यात आरामात बसतो. पट्ट्याचे ५१२ भाग केले तर एक भाग ४.७ किलोहर्ट्झचा, म्हणजे जवळपास नेमका १ किलोमीटर प्रति सेकंद; ही सोय फार छान जमून आली आहे. व्ही४ ला नवा ड्रायव्हर लागतो, जुन्यावर ते धड चालत नाही. फक्त हायड्रोजनसाठी व्ही३ सोडून व्ही४ घेण्याचं कारण नाही. उन्हात ठेवू नये, ट्यूनर तापला की वरच्या वारंवारितांवर तो निसटतो. यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नये.

छत्री हा संचातला कच्चा दुवा. तिच्या तोंडाशी असलेला डायपोल, म्हणजे लहर प्रत्यक्ष पकडणारी दोन बाहूंची काडी, २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटरचा. आपल्याला हवा १० सेंटिमीटरच्या आसपास. काही न करता लावली तरीही आकाशगंगा दिसते, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. पण झाकणाचं प्लॅस्टिक उघडून दोन्ही बाहूंना पितळेच्या पट्टीचे तुकडे डाग देऊन लांबी वाढवली, की आलेखावरचा हायड्रोजनचा फुगवटा डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. अँटेना कोणत्या वारंवारितेला जुळला ते दाखवणारा, १.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए एच४ हाताशी असेल तर दोन-दोन मिलिमीटर कापत १४२० वर आणता येतं. जाळीच्या सळ्या डायपोलला समांतर हव्यात. आडव्या बसल्या तर लहर सरळ आरपार निघून जाते, आणि दिसायला सगळं व्यवस्थितच दिसत असतं!

छत्रीऐवजी डब्याचा अँटेना करणाऱ्यांसाठी एक सूचना. १५ किलो तेलाचा चौकोनी डबा सगळ्यांना आधी आठवतो, पण तो जवळपास २३ सेंटिमीटर रुंद असतो आणि १४२० मेगाहर्ट्झला त्यात एकाहून जास्त प्रकारच्या लहरी वाहू शकतात. गोल डबा १३ ते १६ सेंटिमीटर व्यासाचा घ्यावा. १५ सेंटिमीटरचा असेल तर तांब्याची सुमारे ५ सेंटिमीटरची काडी बुडापासून ९.३ सेंटिमीटरवर. डबा अरुंद होत गेला की हे अंतर झपाट्याने वाढतं, आणि १२.४ सेंटिमीटरच्या खाली तर लहर आत शिरतच नाही.

सगळं जोडल्यावर आकाशाकडे वळण्याआधी छत्री जमिनीकडे करावी. जमीन म्हणजे ३०० केल्विनचा गरम पदार्थ, रिकामं आकाश म्हणजे जेमतेम काही केल्विन. ठीक जुळलेल्या संचात जमिनीकडे वळवताच पातळी तीन-चार डेसिबल चढते. एक डेसिबलही चढली नाही, तर हायड्रोजन शोधत बसण्यात अर्थ नाही. जोडण्या, केबल, डायपोल, टॉवर या क्रमाने तपासावं. पाच मिनिटांची ही चाचणी बऱ्याच रात्री वाचवते.

मग खरं मोजमाप. ट्यूनरचा आणि डाँगलचा, दोन्ही एजीसी (वाढ आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. गेन, म्हणजे वाढ, हाताने ठरवून शेवटपर्यंत तोच ठेवायचा. अर्धा तास संच नुसता चालू ठेवायचा, कारण तापमान स्थिरावेपर्यंत गेन सरकत राहतो. हायड्रोजनचा फुगवटा असतो अर्ध्या डेसिबलच्या आतबाहेर, त्यामुळे एक दशांश डेसिबलची घसरणही महागात पडते. साध्या स्पेक्ट्रमवर तर तो दिसतच नाही. दिसतो तो फिल्टरचा आणि डाँगलचा स्वतःचा उंचसखलपणा. म्हणून आधी पार्श्वभूमी घ्यायची: आकाशगंगेपासून दूरच्या भागाकडे छत्री करून पाच मिनिटं, किंवा एलएनएच्या तोंडाला ५० ओमचा टर्मिनेटर लावून पाच मिनिटं. टर्मिनेटर सोयीचा, पण छत्री आणि डायपोलमधल्या परावर्तनाने येणारी लाट त्यात वजा होत नाही. रिकाम्या आकाशाची पार्श्वभूमी जास्त चांगली. मे महिन्यात रात्री नऊ-दहाला अरुंधती केश हा तारकासमूह डोक्यावर असतो, त्या दिशेला हायड्रोजन खूपच विरळ. एसडीआर-शार्पचं ‘आयएफ ॲव्हरेज’ हे प्लगइन ही वजाबाकी स्वतः करतं. पाच मिनिटांच्या सरासरीनंतर एका भागातला गोंगाट एकूण पातळीच्या हजारात एक इतका खाली येतो आणि फुगवटा स्वच्छ उभा राहतो.

काट्यासारखी उभी, अरुंद रेष दिसली तर ती हायड्रोजन नव्हे. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी जगभर राखीव आहे, तिथे प्रक्षेपण करायला कुणालाच परवानगी नाही. पण एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, इन्व्हर्टर, लॅपटॉपचा चार्जर आणि यूएसबी ३ चं पोर्ट यांना कोण सांगणार. छत्री फिरवली तरी जागेवर राहतो तो घरातला गोंगाट. हायड्रोजनचा फुगवटा शंभर-दोनशे किलोहर्ट्झ रुंद असतो, दिशा बदलली की आकार बदलतो आणि दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी येतो.

पहिल्यांदा बघायला हंस तारकासमूह. सप्टेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो महाराष्ट्रातून उत्तरेला साठ-सत्तर अंश उंचीवर असतो. ढग असले तरी काही फरक पडत नाही, २१ सेंटिमीटरला ढग म्हणजे काच. दुर्बीणवाले पावसाळ्यात झाकपाक करून बसतात तेव्हा हा संच चालू ठेवता येतो. मात्र कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग रबर टेप हवीच आणि विजा चमकत असतील तर छत्री खाली उतरवलेली बरी. नोव्हेंबरअखेर शर्मिष्ठेकडे वळावं. तिथे एकाऐवजी दोन उंचवटे दिसतात: एक आपल्या जवळच्या हायड्रोजनचा, दुसरा आकाशगंगेच्या ययाती भुजेचा, सुमारे ५० किलोमीटर प्रति सेकंद वेगाने आपल्याकडे येणारा, म्हणून जवळपास २३५ किलोहर्ट्झ वर सरकलेला. पृथ्वी सूर्याभोवती ३० किलोमीटर प्रति सेकंद वेगाने फिरते, तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय दोन महिन्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडू नयेत. हिवाळ्यात सारथीच्या बाजूला मात्र एकच अरुंद उंचवटा येतो. यंत्र बिघडलेलं नसतं. त्या दिशेला वायू आपल्या दृष्टिरेषेला आडवा फिरतो, त्यामुळे डॉप्लर बदल जवळजवळ शून्य.

छत्री क्षितिजाच्या तीस अंशांच्या आत नेऊ नये. या आकाराची छत्री एका बाजूने १५ आणि दुसऱ्या बाजूने २५ अंशांचं आकाश एकदम बघते, त्यामुळे तिच्या कडेने गरम जमीन, कठडा, पाण्याची टाकी आत डोकावते. व्यावसायिकांचीही यातून सुटका नाही. ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने २०१८ मध्ये ७८ मेगाहर्ट्झजवळ पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनची खूण मिळाल्याचं जाहीर केलं, तेव्हा बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या गटाने ‘सारस ३’ हा अँटेना चक्क तराफ्यावर ठेवून कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या फुगवट्याच्या पाण्यात सोडला. खालची जमीन, तिचे थर, तिचा ओलावा यांचा घोळ नको, खाली एकसारखं पाणी असावं म्हणून. २०२२ मध्ये त्यांनी निकाल छापला: एजेसने सांगितलेली खूण त्यांच्या नोंदीत नाही.

वाय-फायच्या छत्रीने समाधान झालं नाही तर नवी विकत घेण्याआधी जुन्या केबलवाल्यांकडे चौकशी करावी. सी-बँडच्या (जुन्या उपग्रह टीव्हीच्या) आठ फुटी जाळीच्या छत्र्या भंगारात जातात. त्यांच्या जाळीची छिद्रं काही मिलिमीटरची, २१ सेंटिमीटरला ती सलग पत्र्यासारखीच. तिच्या केंद्राशी वर सांगितलेला १५ सेंटिमीटरचा डबा, डब्याच्या बुडाला सॉबर्ड, आणि झोत २५ वरून ६ अंशांवर येतो. शर्मिष्ठेतले दोन उंचवटे तेव्हा एकमेकांत न मिसळता सुटे दिसतात. वजन आणि वारा यांचा विचार मात्र आधी करावा. गच्चीच्या कठड्याला नट-बोल्टने आवळून ही छत्री पावसाळा काढत नाही, स्लॅबमध्ये भरलेला किमान तीन इंची पाइप लागतो.