'डाटा जात नाही अण्णा' म्हणणाऱ्याने ४,५५० रुपयांना बुडवलं

फोनचा पिन विसरलो, लॉक काढायला दुकानात दिला. आधी आकडे. ७००, मग २,३५०, मग १,५००. एकूण ४,५५० रुपये. बदल्यात हातात आला कोरा फोन, आणि तोही कुलूपबंद. दुकान सोलापुरातच, भर बाजारात. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

पिन कसा विसरलास म्हणून घरातले अजून हसतात. गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत खिसे साफ होतात म्हणून आदल्या रात्री चार आकडी पिन काढून सहा आकडी टाकला. बोट लावलं की फोन उघडायचा, त्यामुळे नवा पिन दाबायची वेळच आली नाही. होम मैदानावर बॅटरी उतरली. घरी येऊन चार्जिंगला लावला, फोन चालू झाला, पण बोट घेईना. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पिनच लागतो, बोट चालत नाही. फोन विकताना हे कोण सांगतं? सहा आकडी पिन टाकणाऱ्यांनो, तो घरात कुठेतरी कागदावर लिहून ठेवा. कोण काय म्हणतं ते म्हणू द्या.

आमचा टॉवेलचा धंदा. पार्ट्यांच्या ऑर्डरी, चलनांचे फोटो, कुणाकडे किती उधारी, सगळं त्याच फोनमध्ये. गुगलचे फुकटातले १५ जीबी कधीच भरले होते, त्यामुळे पुढचे फोटो वर चढलेच नव्हते. एवढं अडकलेलं असताना माणूस शांत डोक्याने विचार करतो असं ज्यांना वाटतं, त्यांचा फोन एकदा लॉक होऊ दे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने तोंडावर सांगितलं: मूळ बिल आणि आधार आणा, लॉक काढून देतो, पण आतलं सगळं जाईल. मला तो उर्मट वाटला. मग कुणीतरी या दुकानाचं नाव सुचवलं. तिथला पोरगा गोड बोलला. "लॉक तोडायचं मशीन, बॉक्स हाय आपल्याकडं अण्णा. डाटाला हात न लावता लॉक तोडतो. कंपनीवाले उगं भीती घालत्यात." ७०० अॅडव्हान्स. बिल मागितलं नाही, फोन माझाच आहे का हेही विचारलं नाही. उद्या चोराने माझा फोन नेऊन दिला तर त्यालाही हा अण्णाच म्हणेल.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. फोन आत नेता नेता त्याने सहज विचारलं, "जीमेलचा पासवर्ड ध्यानात हाय का?" मी नाही म्हणालो. तो मान हलवून आत गेला. अरे, डाटा न पुसता लॉक निघणार असेल तर जीमेल कशाला लागतं? गुगल खातं विचारलं जातं ते फोन पुसल्यावर! त्यालाच एफआरपी म्हणतात, चोराला पुसलेला फोन वापरता येऊ नये म्हणून २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये आहे. म्हणजे पुसायचं हे त्याचं तेव्हाच ठरलेलं होतं. तो प्रश्न माझ्या कानावरून गेला. पण हे तेव्हा मला कुठून माहीत असणार? मी टॉवेल विकतो, मोबाईल नाही.

मग "सर्व्हरवरून फाईल घ्यावी लागते" म्हणून २,३५०. क्यूआर स्कॅन केला तर पाटीवर एक नाव, पैसे जातायत दुसऱ्याच बाईच्या खात्यात. क्यूआरवरचं नाव वाचा, मगच पिन दाबा. संध्याकाळी फोन मिळाला तो नव्यासारखा, भाषा निवडा म्हणणारा. पुढे गुगल खातं मागून अडला. "आता एफआरपी लागलंय, त्याचे १,५०० येगळे." निदान फोन तरी चालू होऊ दे म्हणून दिले. त्यानंतर रोज "उद्या या".

शेवटी पुण्याच्या पुतण्याने फोनवरून सांगत सांगत बायकोच्या मोबाईलवर माझ्या खात्याचा पासवर्ड बदलून घेतला. फुकटात. तोच म्हणाला, काका, आजच्या फोनांत डाटाची किल्ली पिनशीच बांधलेली असते, बाजारातला बॉक्स पुसण्यापलीकडे काही करू शकत नाही. आणि पुसायला बॉक्सही लागत नाही. बऱ्याच फोनांत पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरलं की रिकव्हरी मेनू येतो, त्यातून फोन पुसता येतो, दहा मिनिटांचं काम. त्याचे मी २,३५० मोजले.

आता पोलीस. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला, तिथून ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात म्हणाले हे सायबरचं नाही, पैसे तुम्हीच हाताने दिलेत. सायबरवाले म्हणाले हे ठाण्याचंच. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. साहेब भेटले तर "काका, फोन मिळाला ना परत? मग फसवणूक कसली?" बिल आहे का विचारलं. बिल दिलं असतं तर तो ठग कसला! ४२० लावा म्हणालो तर हवालदार हसला. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय, हे मी त्याला सांगायचं? साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर "शिक्का साहेबांच्या कपाटात". माझ्या उधारीचे लाखभर रुपये आता लोकांच्या इमानावर आहेत, आणि यांच्या दृष्टीने काही घडलंच नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर निदान तक्रार क्रमांक मिळाला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तिथेही जाणार आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढेच उरलेत.

परवा दुकानदाराने ओळखीच्या माणसाकरवी निरोप धाडला: ७०० परत देतो, मिटवून टाका. मी उलटा निरोप दिलाय, ४,५५० आणि लेखी पावती. अजून उत्तर नाही. दुकान मात्र रोज उघडतंय, काल बाहेर तिघे जण फोन घेऊन उभे होते.