नीसमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि १,६०० युरो

मे महिन्यात दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर जायचा बेत असेल, तर हे वाचा आणि मगच घराचे पैसे भरा. नीसमध्ये आम्ही भाड्यानं घेतलेला फ्लॅट अस्तित्वातच नव्हता. म्हणजे रस्ता होता, इमारत होती, चौथा मजलाही होता. पण त्या मजल्यावर एक आजोबा राहतात आणि त्यांनी घर कधीच कुणाला भाड्यानं दिलेलं नाही.

आपल्याकडे मुलांना सुट्टी मेमध्ये. कोत द'अझूर, म्हणजे नीस, कान, आँतीब, माँतों हा सगळा पट्टा, नेमका त्याच सुमारास महागतो. कानचा चित्रपट महोत्सव मेमध्ये असतो आणि मोनॅकोची मोटार शर्यतही २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं मेच्या शेवटी होत असे. मोनॅको नीसहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे तिथली गर्दी इथे येऊन राहायची. चौघांसाठी हॉटेलच्या दोन खोल्या परवडेनात, म्हणून आम्ही फ्लॅट शोधायला लागलो. जो सापडला तो काही फुकटात नव्हता. आसपासच्या घरांपेक्षा थोडासाच स्वस्त. "स्वस्ताला भुललात" असं नंतर बऱ्याच नातेवाइकांनी ऐकवलं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

जाहिरात एका ओळखीच्या, नावाजलेल्या साइटवर होती. मालकानं दोनच निरोपांनंतर "इथलं कॅलेंडर बिघडलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू" असं कळवलं. पुढे त्यानं घाई अजिबात केली नाही, आणि हीच त्याची खरी हुशारी. उलट त्यानंच विचारलं, "तुम्ही भारतातून येताय, म्हणजे शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागेल ना?" मग दोन पानी भाडेकरार आला. त्यावर आमची नावं, पासपोर्ट क्रमांक, तारखा, सही आणि सोबत त्याच्या फ्रेंच ओळखपत्राची प्रत. फक्त एक अट होती: वकिलातीला पैसे भरलेलाच करार लागतो, तेव्हा पूर्ण भाडं आधी पाठवा.

राहण्याचा पुरावा लागतो हे खरं. सगळे पैसे भरलेलेच असले पाहिजेत ही त्याची स्वतःची भर. तिकडे कुणी फ्रेंच किंवा जर्मन माणूस घर घेतो तेव्हा त्याला व्हिसाची फाइल लावायची नसते, त्यामुळे पैसे पोचल्यावर देतो म्हणायची त्याला मुभा असते. आपल्याला ती नसते. काही आठवडे आधी, ठरलेल्या पत्त्याचा, नावासकट कागद आपल्याला हवाच असतो, आणि तो हवा आहे हे त्या भामट्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं. माझ्या मते भारतीय प्रवाशांना तो तिथेच पकडतो. लोभाबिभाची त्याला गरजच पडत नाही.

बँकेतून १,६०० युरो गेले. ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, पर्पज कोड (पैसे कशासाठी, त्याचा सांकेतिक क्रमांक), सगळं रीतसर. बँक पैसे कुठे चाललेत हे विचारते. घर खरं आहे का, हे तपासणं तिचं काम नाही. करार फ्रान्समधल्या माणसाचा होता, पण खातं भलत्याच देशातलं. फ्रेंच आयबॅन (बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) 'एफआर' या अक्षरांनी सुरू होतो आणि तो २७ अक्षर-अंकांचा असतो. युरोपात एका देशातल्या माणसाचं खातं दुसऱ्या देशात असणं बेकायदा नाही, पण कारण विचारायला हरकत नसते. आणि पुढे व्हिसाही आला! त्या कागदावर व्हिसा मिळाला म्हणजे पत्ता सरकारनंच तपासला, असं घरात जो तो म्हणू लागला. तर नाही. व्हिसाचा शिक्का म्हणजे घराची हमी नव्हे.

विमानतळावरून ट्राम थेट बंदरापर्यंत जाते. इमारत तिथून जवळच होती. त्यानं दिलेला दाराचा कोड चालेना, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. सासूबाई बॅगेवर बसून राहिल्या. तेवढ्यात तळमजल्यावरच्या बाई बाहेर आल्या आणि आमच्या बॅगा बघूनच त्यांनी कपाळाला हात लावला. आमची भाची फ्रान्समध्येच ल्यों शहरात शिकते, तिला फोन लावून त्यांच्याशी बोलायला दिला. बाईंचं पहिलंच वाक्य: "हे लोकही फसले का?"

पोलिस ठाण्यातही भाचीच फोनवर होती, म्हणून निभावलं. हा भाग नीट लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये 'मँ कुरांत' नावाची नोंद असते आणि 'प्लँत' म्हणजे रीतसर तक्रार असते. साधारण आपल्याकडच्या एनसी आणि एफआयआरसारखा फरक. पहिलीत नुसती नोंद होते. आम्हाला आधी तीच सुचवली गेली, भाचीनं प्लँतचा हट्ट धरला. तिची पावती हातात घेतल्याशिवाय उठू नका, विम्याला आणि आपल्या बँकेला तीच लागते. फ्रेंच दंडसंहितेच्या कलम ३१३-१ प्रमाणे अशा फसवणुकीला ५ वर्षं कैद आणि ३,७५,००० युरो दंड आहे. वाचायला बरं वाटतं. खोट्या भाड्याच्या जाहिरातींसाठी २०२२ पासून 'तेझे' नावाची ऑनलाइन तक्रारीची सरकारी सोयही आहे, आणि तिकडे असताना सल्ल्यासाठी ०८०५ ८०५ ८१७ हा मोफत क्रमांक. भारतातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. आमच्या बँकेनं पैसे परत मागवायचा संदेश पाठवला. समोरच्या बँकेचं उत्तर आलं की खात्यात शिल्लक नाही.

त्या रात्री नीसमध्ये परवडणारी खोली मिळाली नाही. शेवटी गाडी पकडून सरहद्दीपलीकडे इटलीतल्या व्हेंतिमिल्याला उतरलो आणि उरलेली सहल तिथूनच केली. पर्याय म्हणून हे गाव खरंच वाईट नाही, राहणं-खाणं स्वस्त पडतं आणि माँतों अगदी शेजारी. फक्त परतीच्या गाडीत माँतों-गाराव्हान स्टेशनवर फ्रेंच पोलिस चढून कागद तपासतात, तेव्हा पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरू नका.

नीसचा किनारा पाहिला आणि जाहिरातीतला बाल्कनीचा फोटो आठवला. फोटोत सोनेरी वाळू होती. नीसला प्रोमेनादच्या (समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्याच्या) खाली सगळे करडे गोटेच गोटे आहेत. नीस न पाहिलेल्या माणसाला हे कळायचं कसं? पण फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे, हे शोधता येतं. तो शोधला तेव्हा तेच घर स्पेनमधल्या एका गावात निघालं.

फोटोपेक्षाही पक्की खूण म्हणजे नोंदणी क्रमांक. नीसमध्ये पर्यटकांना घर देणाऱ्याला महापालिकेकडे नोंद करावी लागते आणि जाहिरातीत १३ अंक-अक्षरांचा क्रमांक द्यावा लागतो. त्यातले पहिले पाच अंक गावाचे: नीसचे ०६०८८, कानचे ०६०२९. आमच्या जाहिरातीत क्रमांक होता, पण सुरुवात ७५ नं, म्हणजे पॅरिसची. दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा उचललेला. घर एजंटामार्फत घेत असाल तर कायद्यानं त्याला एकूण भाड्याच्या २५ टक्क्यांहून जास्त आगाऊ मागता येत नाही. खासगी मालकाला असं बंधन नाही, म्हणून तिथे पैसे साइटवरूनच भरा. व्हिसाच्या फाइलला हॉटेलचं रद्द करता येणारं आरक्षण लावा आणि घराचं नंतर बघा.

नीसमध्ये छोट्या चलाख्याही चालतात. मासळीचा दर मेन्यूत १०० ग्रॅमचा असतो आणि ताटात आख्खा मासा येतो, तेव्हा आधी वजन विचारा. कार्डाच्या यंत्रानं रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर युरोच निवडा. पण हे सगळं मिळून एका जेवणाचं नुकसान.

आम्हाला आता पैशांपेक्षा पासपोर्टच्या प्रती छळतात. त्या माणसाकडे आम्हा चौघांच्या आहेत. त्यानं आम्हाला पाठवलेलं ओळखपत्रही आधी फसलेल्या कुणाचं तरी असणार, असं पोलिसांचं म्हणणं. त्यामुळे कुणालाही प्रत पाठवताना तिच्यावर आडवं, मजकुरावरूनच लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. आणि आमच्या आडनावाच्या कुणा पुणेकरानं तुम्हाला या किनाऱ्यावर फ्लॅट देऊ केला, तर तो आम्ही नव्हे.