जावामध्ये फाइल वाचायची: स्कॅनर, बफर्डरीडर की फाइल्स?

जावामध्ये मजकुराची फाइल वाचायचे इतके मार्ग आहेत (स्कॅनर, बफर्डरीडर आणि फाइल्स हे त्यातले तीन नेहमीचे क्लास) की नवीन माणूस पहिल्याच ओळीला अडखळतो. शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी वेगाची तुलना सापडते. वेग मी शेवटी बघतो. फाइलमध्ये एखादा बाइट चुकीचा निघाला तर निवडलेला मार्ग ओरडून सांगतो की गप्प बसतो, हे मी आधी बघतो. फाइल मेमरीत मावते का, हा त्याच्या मागचा प्रश्न.

हे मी एका यादीवरून शिकलो. सुमारे चार हजार नावं, एका ओळीत एक. स्कॅनर लावला, पुढची ओळ आहे का विचारत लूप फिरवला. प्रोग्रॅम नीट चालला, एरर आली नाही, आणि जेमतेम तेराशे नावं हाती लागली. एडिटरमध्ये फाइल शेवटपर्यंत भरलेली दिसत होती. दोन दिवस मी लूपमध्येच चूक शोधत बसलो. दोष निघाला एका नावात: ते कुठल्यातरी जुन्या एन्कोडिंगमधून (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) चिकटवलं होतं आणि त्यातला एक बाइट यूटीएफ-८ या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडिंगमध्ये बसत नव्हता.

फाइल ऑब्जेक्ट देऊन बनवलेला स्कॅनर अशा वेळी आतलं एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) स्वतःजवळ ठेवून घेतो आणि "पुढे ओळ आहे का?" या प्रश्नाला नकार देतो. फाइल खरोखर संपल्यावरही तो हेच उत्तर देतो, त्यामुळे बाहेरून फरक कळायला वाव नाही. लूप संपल्यावर स्कॅनरला शेवटचं आयओएक्सेप्शन (वाचन-लेखनात आलेलं एक्सेप्शन) मुद्दाम विचारता येतं, तशी मेथड आहे. पण ती वापरलेली मी फार क्वचित पाहिली आहे. शिवाय वाचन बिघडलेल्या ओळीच्या काही ओळी आधीच थांबू शकतं. स्कॅनर एका वेळी साधारण १०२४ अक्षरांचा घास घेतो, आणि घास घेताना बिघाड झाला तर त्यातली चांगली अक्षरंही हरवतात. म्हणून मी ज्या ओळीकडे टक लावून बघत होतो ती निर्दोष होती.

स्कॅनर २००४ साली जावा ५ सोबत आला, तो मजकुराचे तुकडे पाडून आकडे, शब्द वेगळे काढायला. त्या कामाला तो खरंच सोयीचा आहे. कीबोर्डवरून येणारं इनपुट, सरावाची गणितं, एका ओळीत पाच आकडे असलेली छोटी फाइल, इथे खुशाल वापरा. फक्त दोन खाचा लक्षात असू द्या. पहिल्या ओळीत २५ आणि दुसऱ्या ओळीत नाव असेल, तर नेक्स्टइंट (पुढचा आकडा वाचणारी मेथड) २५ उचलतो आणि त्यामागचं ओळ संपल्याचं चिन्ह तिथेच सोडतो. लगेच नेक्स्टलाइन बोलावलीत तर रिकामी स्ट्रिंग मिळते, नाव मिळत नाही. दुसरी खाच लोकेलची, म्हणजे मशीनवरच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगची. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या लोकेलच्या मशीनवर ३.५ वाचताना तोच कोड एक्सेप्शन फेकतो. आकडे वाचणार असाल तर लोकेल स्वतः ठरवून द्या.

बफर्डरीडर त्याहून जुना, जावा १.१ पासूनचा, आणि मोठ्या फाइलसाठी माझा हात आजही त्याच्याकडेच जातो. ८१९२ अक्षरांचा बफर (वाचलेला मजकूर तात्पुरता ठेवायची जागा), एकेक ओळ हातात, संपलं की नल, म्हणजे "काहीच नाही". फाइल कितीही मोठी असो, मेमरीत साधारण एक ओळ आणि एक बफर एवढंच राहतं. पण तो बनवायचे दोन रस्ते आहेत आणि ते एकसारखे वागत नाहीत. फाइलरीडरला (फाइलमधली अक्षरं वाचणारा साधा क्लास) बफर्डरीडरमध्ये गुंडाळलंत तर चुकीच्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला चौकट-आकार बसतो आणि वाचन चालू राहतं. फाइल्सच्या न्यूबफर्डरीडरने बनवलात तर त्याच बाइटवर एक्सेप्शन येतं. दुसरा रस्ता धरा. नावांत, पत्त्यांत, हिशेबात गुपचूप बदललेलं अक्षर डेटाबेसमध्ये जाऊन बसण्यापेक्षा प्रोग्रॅम तिथेच थांबलेला बरा. इथेही घास मोठा असल्यामुळे दोष नेमका शेवटी मिळालेल्या ओळीच्या पुढच्याच ओळीत असेल असं समजू नका, थोडं पुढेही शोधा.

फाइल्स हा क्लास जावा ७ मध्ये, २०११ साली आला. लहान फाइलसाठी याच्यापुढे दुसरं काही शोधू नये. सगळ्या ओळींची यादी हवी तर रीडऑललाइन्स; अख्खा मजकूर एकाच स्ट्रिंगमध्ये हवा तर जावा ११ पासूनचं रीडस्ट्रिंग. एका ओळीत काम होतं, फाइल आपोआप बंद होते, एन्कोडिंग सांगितलं नाही तर यूटीएफ-८ धरलं जातं आणि चुकीचा बाइट असेल तर तसं कळतं. फरक एवढाच की रीडस्ट्रिंग ओळ संपल्याची चिन्हं जशीच्या तशी ठेवतं. सेटिंगची फाइल, टेम्पलेट, टेस्टसाठीचा नमुना, सगळं यात बसतं.

मेमरीचा हिशेब मात्र एकदा करून बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि जावाच्या स्ट्रिंगमध्ये २, म्हणजे निव्वळ मराठी मजकूर मेमरीत आकसतो. इंग्रजी मजकुराचं उलटं होऊ शकतं. जावा ९ पासून अशा स्ट्रिंगला अक्षरामागे १ बाइट पुरतो, पण तिच्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी ती पूर्ण स्ट्रिंग २ बाइटवर जाते. ५० एमबीचा इंग्रजी लॉग आणि त्यात एकच मराठी नाव असेल, तर रीडस्ट्रिंगने वाचल्यावर साधारण १०० एमबी. ओळीओळीने वाचलात तर फक्त ती एक ओळ वाढते.

फाइल्सचंच लाइन्स हे जावा ८ पासून स्ट्रीम, म्हणजे एकामागून एक ओळी पुरवणारा प्रवाह, देतं. गाळणं, मोजणं, जुळवणं असं काम असेल तर छान दिसतं आणि मोठी फाइलही पचवतं. पण ही स्ट्रीम ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच (काम संपताच उघडलेलं आपोआप बंद करणारी जावाची रचना) उघडा. ती आपणहून बंद होत नाही, आणि हजार फाइलींच्या फोल्डरवर फिरवलीत की "खूप फाइली उघड्या आहेत" ही एरर कधीतरी समोर येतेच.

जुन्या प्रोजेक्टमध्ये फाइलरीडर आधीच पसरलेला असेल तर जावाची आवृत्ती बदलण्याआधी ते कोपरे तपासा. जावा १७ पर्यंत तो मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग घ्यायचा. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ आहे. जुन्या विंडोज मशीनवर त्या काळी लिहिलेल्या फाइली नव्या आवृत्तीत वेगळ्याच दिसू लागतील. जावा ११ पासून फाइलरीडरला एन्कोडिंग देता येतं. त्या फाइली ज्या एन्कोडिंगमध्ये लिहिल्या होत्या त्याचं नाव तिथे द्या, मग आवृत्ती चढवा.