ॲम्ब्युलन्सच्या चालकाचा इलाज: सरकारी मनोविकार विभागाचा आमचा अनुभव

आमच्या यांच्या दारूचा इलाज जिथे झाला त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. यांची नोकरी आहे, गाव लहान आहे, आणि अशी गोष्ट नोकरीच्या ठिकाणी कोण कशी घेईल याचा भरवसा नाही. एवढंच सांगते की तो शेजारच्या जिल्ह्यातला सरकारी दवाखाना आहे आणि तिथला मनोविकार विभाग मला पाचपैकी साडेचार द्यावासा वाटतो. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचे हे ॲम्ब्युलन्सवर चालक आहेत, कंत्राटी. वर्धा नदीच्या काठचा आमचा भाग, सगळा कापूस-तूर-सोयाबीनचा. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, पण नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि तिकडे बंदी नाही. मोहाची तर इकडच्या काठावरही मिळते. त्यामुळे बंदीचा आधार आमच्यासारख्या घराला कधी झाला नाही.

लोक म्हणतात ड्रायव्हर आहे, पिणारच. मला या बोलण्याचा फार राग येतो. लग्न झालं तेव्हा हे सुपारीसुद्धा खात नव्हते. २०१७ च्या हंगामात पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तेव्हा हे या कामावर नवीनच लागले होते. तेव्हापासून फवारणीचं औषध पिलेले, औषध अंगावर सांडलेले, किती पेशंट यांनी वाहून नेले असतील. तोंडाला फेस, कपडे ओले, आणि गाडीभर तो लसणासारखा उग्र वास. घरी आले की न्हाणीत लाइफबॉय घेऊन कोपरापर्यंत हात घासत बसायचे. पुढे घासूनही भागेना. एकदा रात्री मला म्हणाले, "दारूचा वास नाकात असला ना, का थो वास येत नाही वं." ते ऐकल्यावर मी भांडायचं सोडलं आणि दवाखाना शोधायला लागले.

पहिल्यांदा आम्ही एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. भाऊजींच्या ओळखीचं होतं. तीन महिने ठेवा, फोन नाही, भेट नाही, पैसे आधी. रात्री डॉक्टर नव्हता. हातपाय थरथरायला लागले तर 'सहन कर' म्हणाले, आणि दुसऱ्या रात्री यांना फिटचा झटका आला. आम्ही सकाळी घरी आणलं. नंतर मला कळलं की रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. हे ज्याला माहीत नाही त्याने केंद्र चालवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला साखळी लावून ठेवायला मनाई आहे, आणि स्वतःहून भरती झालेल्या माणसाला घरी जायचं म्हणायचा हक्क आहे. भरती करण्याआधी हे विचारून घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.

मग आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात का नाही गेलो? कारण हे तिथे रोज पेशंट आणून सोडतात. गेटवरचा वॉचमन, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर, वॉर्डबॉय, सगळे नावाने हाक मारतात. "मी तिथं लायनीत उभा राहू? उद्या कोणत्या तोंडानं स्ट्रेचर ओढू?" असं म्हणाले, आणि मला ते पटलं. दुसऱ्याच्या संकटात जो पहिला धावतो त्याची ही अडचण कोणाच्या लक्षातच येत नाही: त्याचा दवाखाना हीच त्याची कामाची जागा असते. म्हणून एसटीने शेजारच्या जिल्ह्यात. माझं अर्धं तिकीट, यांचं पूर्ण.

जाण्याआधी मी १४४१६ ला फोन केला होता. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली; फुकट आणि चोवीस तास. यांची नाईट होती आणि मला झोप नव्हती, म्हणून मध्यरात्रीच लावला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली आणि घाई केली नाही. तिने दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही कामाच्या. घरी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा. आणि न सांगता जेवणात औषध कालवू नका. दुसरी गोष्ट ऐकून मी गारच पडले, कारण आत्याबाईंनी बाजारातून एक पुडी आणून ठेवली होती, वरणात टाकायला. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी खाली जातं, जीवही जाऊ शकतो. आणि अशा बेनाव पुडीत काय असतं ते विकणारालाही माहीत नसतं. ज्या बायांच्या घरात अशी पुडी असेल त्यांनी ती आजच फेकून द्यावी, हे मी हात जोडून सांगते.

आता विभागाबद्दल. केस पेपर फुकट, तपासण्या फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तसंच आहे. बाहेर बाकं कमी, गर्दी भरपूर. डॉक्टर मॅडम तरुण आहेत. आधी किती पिता, कधीपासून, सकाळी उठल्या उठल्या लागते का, असे ठरलेले प्रश्न झाले. मग त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, "दादा, कोणती ट्रिप अजून डोळ्यांपुढे येते?"

इतक्या वर्षांत यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही, कारण ऐकायची भीती वाटायची. हे बराच वेळ गप्प राहिले. मग एका पोराची गोष्ट सांगितली, बारावीतलं, बापाच्या कर्जापायी औषध पिलेलं, आणि रस्त्यात शुद्धीवर येऊन "काका, गाडी जोरात घ्या" म्हणालेलं. ते पोहोचण्याआधीच गेलं. मॅडमनी पाणी दिलं आणि मधे एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी कागदावर दोन आजार लिहिले गेले: दारूचं व्यसन आणि पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार. दोन्हींचा इलाज सोबतच करायचा, एक सोडून दुसरा केला तर दोन्ही परत येतात, असं त्यांनी समजावलं. मला सगळ्यात जास्त पटलं ते हे.

आठवड्याच्या वर भरती ठेवलं. थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोजचं सलाईन नंतर. रोज पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरत नाही आणि तसंच ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे सिस्टरने मला सांगितलं. थरथर थांबायला क्लोरडायझेपॉक्साइडच्या गोळ्या, रोज थोड्या कमी करत नेल्या. लिव्हरची तपासणी ठीक आल्यावर ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, आणि झोप-भीतीसाठी सर्ट्रालिन, जी अजून चालू आहे. वॉर्डात कोणी कोणाला बांधलेलं नव्हतं, कोणी अंगावर ओरडत नव्हतं.

खरं काम नंतर समुपदेशक सरांनी केलं. ती एकच ट्रिप यांच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून घ्यायचे, पुढच्या वेळी परत तीच. मला आधी वाटलं, जखम कशाला उकरता? पण तिसऱ्या-चौथ्या वेळी हे रडत रडत का होईना, शेवटपर्यंत पोहोचले. मग फवारणीचा पंप. शेजाऱ्यांनी पंप पाठीवर घेतला की हे बांधावरून घरी पळायचे. सरांनी सांगितलं, धुऊन वाळवलेला रिकामा पंप अंगणात ठेवा आणि जवळ बसून चहा प्या. भीती उतरेपर्यंत उठायचं नाही. आम्ही दोघं बसायचो. पहिल्या वेळी यांच्या हातातली कपबशी वाजत होती. दिवाळीनंतर यांनीच तो पंप उचलून कोठ्यात नेऊन ठेवला.

मधे चुलत पुतण्याच्या लग्नात घेतली होती. मी घाबरत घाबरत मॅडमला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्या आठवड्यात ड्यूटीवर काय झालं ते विचारलं. झालं होतं, महामार्गावरचा अपघात. औषध तसंच ठेवून पुढच्या भेटी कमी दिवसांच्या अंतराने दिल्या. त्यानंतर घेतलेली नाही.

आता तो अर्धा गुण. ओपीडी फक्त सकाळी. बारा तासांची नाईट करून माणूस एसटीत बसून येतो आणि बाकावरच झोपतो. समुपदेशक रोज नसतात. नाल्ट्रेक्सोन दोनदा संपलेलं होतं, बाहेरून आणावं लागलं, आणि ती गोळी स्वस्त नाही. डॉक्टर-सिस्टरांचा यात दोष नाही, माणसंच कमी दिलेली आहेत.

आणि एक मोठी उणीव. वॉर्डात यांच्या शेजारच्या खाटेवर एक पोलीस हवालदार होते आणि पलीकडे नगरपरिषदेच्या अग्निशमनचे एक दादा. दिवसा तिघं गप्प. रात्री दिवे गेले की हळू आवाजात बोलत बसायचे, विहिरीतून काढलेली, गळफासावरून उतरवलेली, जळालेली माणसं. घरी जे सांगता येत नाही ते एकमेकांना सांगायचे. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस जळून २५ जण गेले. ती प्रेतं ज्यांनी हातांनी बाहेर काढली त्यांना नंतर कोणी बसवून विचारलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. महिन्यातून एक संध्याकाळ फक्त ॲम्ब्युलन्स, पोलीस, अग्निशमनवाल्यांसाठी ठेवा, असा अर्ज मी आणि हवालदारांच्या मिसेसनी मिळून दिलाय. मॅडमनी वर पाठवलाय. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या जिल्ह्यात असाच अर्ज द्या, एकाच घरचा अर्ज कोणी वाचत नाही.

जाणार असाल तर सोमवार टाळा, बुधवार-गुरुवारी गर्दी कमी असते. आधार कार्ड, आधीच्या औषधांची रिकामी पाकिटं आणि महिन्याचा ड्यूटीचा तक्ता सोबत न्या. तक्ता दाखवला की सिस्टर नाईट नसेल अशीच पुढची तारीख लिहून देतात. पहिल्या दिवशी घरचं कोणीतरी सोबत असू द्या, कारण ती ट्रिप सांगून झाल्यावर माणसाने एकट्याने एसटीत बसू नये.